त्या सकाळचा नारळ

नुकत्याच फुटलेल्या नारळाचा वास आला की मला आमच्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस आठवतं. त्या सकाळी कॉम्प्युटरमधला सगळ्या ऑर्डरींचा डेटा बिघडला होता आणि तो बॅकअपमधून परत आणायचा होता. बॅकअप रोज संध्याकाळी मीच घ्यायचे. मी सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायला लावलं, बिघडलेल्या डेटाचीही कॉपी बाजूला ठेवली, बॅकअप नीट उघडतोय ना ते तपासलं. पलीकडे मागांचा खडखडाट चालूच होता. नवा माग सुरू करताना आमच्याकडे नारळ फुटतो, तसा मालकांनी याही कामाला मागवला. मी पदराला हात पुसून पुढे झाले, तर त्यांनी तो नुकत्याच कामाला लागलेल्या मुलीच्या हातात दिला. "कॉम्प्युटर शिकून आलीय की ती!" "आणि मी?" मी हसत विचारलं. "ताई, तुमी तर घरच्याच की!" नारळ एका फटक्यात फुटला. तिने पहिला तुकडा मलाच दिला. तो गोड निघाला, याचाही मला राग आला. डेटा सगळा परत आला. ती मुलगी पुढे पुण्याला गेली. आता दर खंडेनवमीला नारळ माझ्याच हातात देतात. मी फोडते, सगळ्यांना वाटते. पण मला हवा होता तो त्या सकाळचा.