सागरचं काहीच चुकलं नाई

"सागरले वल्हं मारताच येत नव्हतं," असं ग्रुपवर लिहून राहिले ना तुमी? मंग ऐका.

आपल्या कयाकवाल्यांचा नियम आहे. पाण्यात उतरायच्या आधी एकानं काठानं चालत जाऊन पुढचा धोका पाहून यायचा. काल ती पाळी माही होती. पुढं बंधारा आहे. पावसाळ्यात दरवर्षी त्याचे गेट काढतात, पाणी सरळ निघून जाते, म्हणून मी अर्ध्यातूनच परतलो.

"पाहून आला ना बे? का टपरीवरूनच परतला?" सागर हासत होता.

"मोकळं आहे बे, चाल तू."

यंदा गेट काढलेच नव्हते. तो बंधाऱ्यावरून पडला अन् खालच्या भोवऱ्यात अडकला. आमाले त्याले जिवंत काढता आलं नाई.

आज दुपारी बार्शीटाकळीले त्याले अग्नी दिला. त्याच्या बाबानं मले बाजूले घेतलं. "तू संगं होता ना? सांग, माह्या पोराचं काय चुकलं?"

"काका, पाणीच लय होतं," म्हणून मी अकोल्याले निघून आलो.

तुमी असते तर त्या माणसाले खरं सांगितलं असतं काय?

उत्तर नका देऊ. बार्शीटाकळीची गाडी लागली आहे. काकाले सांगाले चाललो. ग्रुप सोडतो.