न धुतलेली राख

गल्लीत तिला सगळे मातीवाली आत्या म्हणत. चांगली नोकरी सोडून ती चाकावर बसली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. तिचे गुरू जपानच्या खेड्यांतल्या कुंभारांकडे राहून शिकून आलेले. भांड्यावर सही करू देत नसत. "वापरणाऱ्याच्या हाताला बरं वाटलं की झालं," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. आत्याने ते जन्मभर पाळलं. स्वभाव मात्र फटकळच राहिला.

आज भट्टीत तिच्या थोरल्या भावाचे वाडगे होते. अर्धांगवायूने दादाचा उजवा हात गेला. दुसऱ्याच्या हातून घास घ्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. आणि हलकी भांडी डाव्या हाताखाली सरकायची. सांडलं की जेवण लोटून द्यायचा. बघता बघता माणूस अर्धा झाला. म्हणून आत्याने रुंद बुडाचे, काठ आत वळलेले, दगडासारखे जड वाडगे घडवले. भट्टीत वितळून काचेसारखी बसणारी राखेची झिलई मात्र दादाच्या बायकोने हट्टाने स्वतः कालवून चढवली.

भट्टीतला उजेड लालचा पिवळा झाला आणि वहिनी सहज बोलून गेली, "राख चाळून हात सोलवटले हो माझे, वन्सं. केवढी झोंबते!"

आत्या गर्रकन वळली. "नुसती चाळलीस? धुतली नाहीस?"

"राख कुणी धुतं का? राखेनं भांडी धुतात!"

न धुतलेल्या राखेत खार राहतो, त्याने झिलई पाण्यासारखी पातळ होते. भट्टी पुरती तापवली तर झिलई ओघळून वाडगे भट्टीतल्या भाजक्या मातीच्या फळीला चिकटणार. आत्ताच विझवली तर दिसायला झकास, पण माती कच्ची; गरम काही ओतलं की बूड पाझरणार.

"विझवा ना मग," वहिनी रडकुंडीला आली. "पाझरलं तर खाली ताटली ठेवू."

"म्हणजे त्याच्या मांडीवर सांडायला आणखी एक भांडं! गप बस."

काळा चष्मा लावून आत्याने भट्टीच्या भोकातून पाहिलं. उष्णता कळायला ठेवलेला, भट्टी पुरती तापली की वाकणारा मातीचा सुळका अजून ताठ होता. झिलई मात्र हलायला लागली होती. तिचा हात गॅसच्या चावीवर गेला, थांबला, मागे आला.

"चालू दे."

सुळका वाकला तेव्हाच तिने गॅस बंद केला.

भट्टी निवल्यावर उघडली. फळीवर हिरवं तळं साचलेलं. आत्याने छिन्नी लावली. पहिला वाडगा बुडाशी फुटला. दुसराही. वहिनीने तोंड फिरवलं. एकामागून एक सगळे गेले. शेवटचा तेवढा फळीचा टवका घेऊन सुटला. आत्याने बूड घासून सपाट केलं, उकळतं पाणी ओतलं, वाडगा कोऱ्या कागदावर ठेवला. बराच वेळ दोघी त्या कागदाकडे डोळे लावून बसल्या. मग आत्याने वाडगा उचलला. कागद कोरडा.

"केवढे ओघळ आलेत हो याच्यावर," वहिनी पुटपुटली.

"शोकेसमध्ये मांडायचाय का? वाढ त्याला."

दादाने आधी डाव्या हाताने वाडगा लोटूनच पाहिला. तो जागचा हलला नाही. मग त्याने चमचा उचलला.

"तोंडाकडे काय बघताय दोघी? जा, आपापली कामं करा."