गेंदीबाईची सुकी लाकडं

मंडळी, हे पत्र आपल्या धारच्या दत्तमंदिराच्या ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. आज सकाळीच घडलंय आणि मला अजून दुसरं काही सुचत नाही.

देवासात तापाची साथ आहे. बैलगाडीनं येऊन आठ दिवस झाले. आम्ही पाच जण झाडूवाल्यांच्या वस्तीत काढा आणि पेज देतो. मग वस्तीबाहेरच्या विहिरीवर गार पाण्यानं आंघोळ, त्यानंतरच जेवण. त्यांना शिवलो म्हणून. हे आम्ही तिथे कधी बोललो नाही.

आज म्हाताऱ्या गेंदीबाईच्या सुनेला काढा पाजला. झोपडीत गारठा, चूल विझलेली. "चूल का नाही पेटवली?" विचारलं, तर म्हातारी नुसती हसली.

विहिरीच्या वाटेवर तीन दगड मांडलेले, शेजारी सुक्या लाकडांची मोळी. दूर लिंबाखालून गेंदीबाई ओरडली, "बापजी, काल तम खांसता था. पानी गरम करी ने न्हाव. सूकी लाकडी के छूत नी लागे!"

माझा कालचा खोकला तिनं ऐकला होता, आणि सुक्या लाकडाला विटाळ नसतो, हा आपला नियमही तिला पाठ. आमचं सोवळं सांभाळायला तिनं स्वतःची चूल थंड ठेवली होती.

मग मोळी उचलली, तिच्या झोपडीत नेली आणि चूल पेटवून दिली. आंघोळ केली नाही.

शनिवारी परततो आहे. शुद्धीचं स्नान करणार नाही, तसाच देवळातल्या पंगतीला बसेन. माझ्या शेजारच्या पाटावर कोण बसेल, ते हे पत्र वाचणाऱ्यानं आत्ताच ओसरीवर विचारून घ्यावं.