मी दलाल, समाजसेवक नाही

आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी एका शब्दापायी मला फसवलं.

शाळेला मैदान हवं होतं. जागा दोन भावांची, आणि ते दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. गावचे पुढारी थकले तेव्हा मुख्याध्यापक दारव्ह्याच्या बैलबाजारात मला शोधत आले. मी तिथला दलाल. अंगावरच्या एका दुपट्ट्यावर धंदा सुरू केला. त्याच्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून, खुणेनं बैलांचे भाव ठरवत आलो. त्या भावांच्या दारी मी खेटे घातले, शिव्या खाल्ल्या आणि सौदा जुळवला. दलाली घेतली नाही. अट एकच घातली: कोनशिलेवर माझ्या नावापुढे 'दलाल' कोरायचं. मुख्याध्यापक हो म्हणाले.

अट उगाच नव्हती. चौथीत असताना माझी मुलगी वर्गात बापाचा धंदा सांगून रडत घरी आली होती. तेव्हा मी दिग्रसला, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका चाचांकडे गेलो होतो. त्यांनी जाडजूड कोश उघडला.

"अरबी शब्द हाय. 'दल्ला' म्हणजे वाट दाखवली. दलाल म्हणजे वाट दाखवणारा. दलील याच घरची. तुर्कस्तानात गेला अन् 'तेल्लाल' झाला, म्हणजे दवंडी देणारा. गुजरातेत लोक आडनाव लावतात."

"मंग आपल्याकडं शिवी काहून झाली, चाचा?"

"बंगालात तर गद्दाराले म्हणतात! शब्दाचा भाव कोणं पाडला, थे मले काय विचारतं? बाजारात तू बसून राह्यला."

उद्घाटनाला पडदा सरकला. माझ्या नावापुढे होतं 'समाजसेवक'.

"सर, हे काय?" मी तिथंच विचारलं.

"भाऊ, शाळा हाय. लेकरं वाचतीन. थे बरं दिसत नाही. उलट तुमचा मान वाढवला."

"मंग बाजारात कायले आलते? समाजसेवक तर गावात ढीगभर होते!"

लोक हसले. माझी मुलगी हसली नाही. आता कॉलेजात आहे ती. कोनशिला दोनदा वाचून मला म्हणाली, "म्हणजे बाबा, चौथीत मी रडली थे बरोबरच होतं ना?"

 

सर, मैदान दलालानं मिळवून दिलं आणि कोरताना तुम्हाला त्याची लाज वाटली. तिचा प्रश्न आता तुमच्याकडे आहे. त्याच दगडापुढे उभे राहा आणि तिला उत्तर द्या.