हवालदारणीच्या घरात औषध नव्हतं

सौदीत, राबिघच्या आमच्या बिल्डिंगीत माझ्या बायकोला सगळे हवालदारीण म्हणत. दारातल्या चपला रांगेत नसल्या तर पाहुण्यालाही ती मागे फिरवायची. जेवणाच्या बाबतीत तर फारच कडक. डावा हात ताटाकडे गेला की चापट. "डाव्यानं सैतान जेवतो," हे तिचं ठरलेलं.

आमची सना तेव्हा पाच वर्षांची. हवालदारणीला दमा होता, आणि तिच्या गोळ्या वरून गोड लागायच्या. पोरीनं एकदा पाकीटच संपवलं. तिला आकडी आली. अंग असं ताठलं, असे झटके मारायला लागलं, की आम्हा दोघांना धरवेना. इस्पितळानं जीव वाचवला. सगळे डोकं बघत होते, छाती बघत होते. खांद्याकडे कोण बघणार?

घरी आल्यावर पोरगी डाव्या हातानं खायला लागली. रोज चापट. ती शाळेतल्या हिंदीत सांगायची, "अम्मी, ये हाथ ऊपर नहीं जाता." हवालदारीण म्हणायची, बहाणे नकोत, जेव. शेवटी झगा चढवताना पोर किंचाळली, तेव्हा खांद्याचा फोटो काढला. आकडीच्या झटक्यांनीच सांधा निखळून हाड मोडलं होतं, आणि आता वाकडंच जुळत होतं.

त्या दिवसापासून हवालदारीण स्वतः डाव्या हातानं जेवू लागली. एका बाईनं टोमणा मारला, कायदा हवालदारणीला लागू नाही वाटतं. ती म्हणाली, "ज्याला चालत नसेल त्यानं आपल्या घरी जेवावं."

ऑपरेशन ठरलं होतं. मी सोन्याच्या दुकानात काउंटरवर होतो. तेवढ्यात अशा जागा सौदी माणसांनाच द्यायचा हुकूम आला. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर मी तिथे होतो तो मालक, वाईट नव्हता, पण खलास म्हणाला. इकामा, तिथं राहायचा परवाना, गेला, त्याबरोबर इलाज गेला, आम्ही रत्नागिरीला आलो. इथले डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. सनाचा हात खांद्याच्या वर गेलाच नाही.

त्यानंतर हवालदारणीनं घरात औषध येऊ दिलं नाही. एक गोळीसुद्धा नाही. मी भांडलो, शिव्या घातल्या. दमा वाढत गेला. सना विशीची झाली, तेव्हा आईपुढे बसून म्हणाली, "अम्मी, मी मोठी झाले गं. मी नाही खाणार तुझ्या गोळ्या."

हवालदारीण तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. हो म्हणाली नाही.

मग सनानं औषध शेजारच्या घरी ठेवलं. एका दुपारी आईचा श्वास अडकला, तशी ती तिकडे धावली. परत आली तोवर सगळं संपलं होतं. मी म्हटलं, राहू दे बेटा. तरी तिनं पाकीट फोडलं आणि एक गोळी आईच्या ओठांशी धरली.