नकाशाच्या कडेचा तांडा

मी घर सोडलं त्या सकाळी हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या जीपवाल्याला वाटलं, आमच्यात कुणीतरी वारलं. त्याची काही चूक नव्हती. आमच्या तांड्यातल्या बायका माणूस भेटलं तरी गळ्यात पडून सुरात रडतात आणि माणूस निघालं तरी सुरात रडतात. ज्याला ते सूर ओळखता येत नाहीत त्याला सगळं एकच वाटणार. त्यात माझी याडी, म्हणजे आई, त्या दिवशी पुरती गोंधळली होती. पोरगी तांड्यातून जाते ती लग्न होऊन, आणि त्या रडण्याची गाणी ठरलेली. नर्सिंग शिकायला हैदराबादला निघालेल्या पोरीसाठी काय म्हणून रडायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं नवरीचंच गाणं धरलं. मागून काकू म्हणाली, "अगं, पर नवरा कुठं हाय हिचा?" याडीनं रडता रडताच तिला कोपर मारलं आणि पुढची ओळ घेतली. जीपवाला डोक्याचा रुमाल काढून हातात धरून उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बापू, माझा बाप, रडला नाही. जीपच्या टपावर माझी पत्र्याची पेटी चढवली, दोरी ओढून बघितली आणि म्हणाला, "मुक्कामाला चाल्लीस, वस्तीला न्हाई. ध्यानात ठेव." घरी आम्ही गोरमाटी, म्हणजे लमाणांची बोली, बोलतो, इथं मी ते गोरेगावच्या मराठीत लिहिते आहे, कारण गोरमाटी लिहायला मला कुणी शिकवलं नाही.

मुक्कामाची वस्ती कधी झाली ते कळलंच नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून बाहेर पडलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिकणं झालं, मग तिथल्याच दवाखान्यात नोकरी लागली, मग श्रीनिवास भेटला, मग मुलगी झाली. पेशंटशी मी आता "हौ, नक्को" करत दख्खनीत बोलते, सासूशी तेलुगूत, वाचते मराठीत. वॉर्डातली पोरं मला 'सिस्टरम्मा' म्हणतात. रागावते मात्र अजून गोरमाटीतच, त्यामुळे माझ्या शिव्या कुणाला लागत नाहीत.

नवा फ्लॅट घेतला तेव्हा श्रीनिवासला हॉलची भिंत रिकामी रिकामी वाटायला लागली. तो एक मोठी फ्रेम घेऊन आला. हैदराबादचा जुना नकाशा, म्हणजे त्याची छापील प्रत. नकाशा म्हणावा तर चित्र आणि चित्र म्हणावं तर नकाशा. चारमिनार अंगठ्याएवढा, मुशी नदीत नावा, वाटेवर हत्ती, प्रत्येक नवाबाची बाग नावासकट. आमचा फ्लॅट जिथं आहे तिथं निळा रंग होता. तळं. दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी का साठतं, ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही, त्या फ्रेमपुढं कळलं.

आणि पार डाव्या कडेला, गोवळकोंड्याच्या वाटेवर, कारवान म्हणून लिहिलेल्या जागी, पाठीवर गोण्या लादलेले बैल, चार-पाच पालं आणि घागरा घातलेल्या बायका. आमची माणसं. मीठ आणि धान्य वाहून नेणारे लमाण. बागांना नावं होती, आमच्या माणसांना नव्हती. कोपऱ्यातली रिकामी जागा भरायला झाडं काढतात तशी काढली होती. मला वाईट वाटलं, पण पाहुण्यांना मी तो कोपरा हौसेनं दाखवायचे.

मग बापू गेला. भाऊ पुण्याला कंपनीत, तांड्यातल्या घरी याडी एकटी. मी तिला घेऊन आले, आणि मनात ठरवूनच आणलं की आता हिला परत पाठवायचं नाही. मागची खोली रिकामी केली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. श्रीनिवास तिला अम्मा म्हणायचा, ती त्याला "खा की रे बाबा" म्हणायची, आणि भाषेवाचून दोघांचं झकास चालायचं.

टीव्हीपुढं ती बसायची नाही. एक दिवस मी ड्युटीवरून आले तर स्टूल ओढून नकाशापुढं बसलेली. बोट त्या घागरेवालीवर.

"हिच्या दंडावर बांगड्या काढल्या न्हाईत."

"चित्रवाला विसरला असेल, याडी."

"विसरंल कसा? हिचा नवरा मेला असंल."

तिच्या स्वतःच्या दंडावर, जिथं लग्नापासून पांढऱ्या बांगड्या होत्या आणि बापूच्या मातीच्या दिवशी काढल्या होत्या, तिथं कातडी अजून फिकट होती. मी चहा ठेवायला उठले.

पण त्या दिवसापासून तिचा चेहरा खुलला. "आपली माणसं हितं हायत अन् तू सांगितलं काहून न्हाई?" म्हणाली. मी सांगितलं, हे फार जुनं आहे, ती माणसं कधीचीच निघून गेली.

"सगळी कशी जातील? कुनीतरी मागं ऱ्हातंच."

मग तिनं मला ते सांगितलं, जे मला ठाऊक असायला हवं होतं. लदणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून गावोगाव फिरायच्या, दिवसांत तांडा चालता चालता कुणाचा बैल आजारी पडला, कुणी बाई बाळंत झाली, तर तांडा थांबायचा नाही, पण त्यांना एकटंही टाकायचा नाही. त्यांच्यासोबत एक घर मागं ठेवायचं. त्यांना दाणागोटा द्यायचा. बरं वाटलं की घरचं माणूस येऊन त्यांना पुढं घेऊन जायचं. तिच्या आज्याचं घरसुद्धा असंच एकदा मागं राहिलं होतं. तेव्हा कारवानलाही कुणीतरी असणार, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

मला आनंद झाला. हिला इथं आपलं माणूस सापडतंय, आता ही रमणार. त्या आठवड्यात मी तिच्यासाठी नवी खाट आणली, आणि सुट्टीच्या दिवशी तिला रिक्षानं कारवानला घेऊन गेले.

तिथं टायरची दुकानं, प्लायवुडची गोदामं, फरश्यांचे ढीग. याडी प्रत्येक दुकानाच्या पायरीशी थांबून गोरमाटीत विचारायची, आणि दुकानदार माझ्याकडं बघायचे. एका फरशीवाल्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "वैसे लोगां इधर कोई नै रहते, अम्मा."

"काय म्हनतो?"

"कुणी नाही म्हणतो."

तिनं तांब्यातलं पाणी संपवलं, पदरानं तोंड पुसलं. "बराबर हाय," म्हणाली. "त्यांना घेऊन गेले असतील. चल." येताना रिक्षात तिनं माझा हात धरला होता आणि ती खुशीत होती, हे मला नीट आठवतं.

घरी आल्यावर ती तिचे कपडे गाठोड्यात भरायला लागली. मी विचारलं, काय झालं?

"तू कवा निघनार हायस?"

"कुठं?"

"घरी. मी काय हितं ऱ्हायला आले व्हय? मागं राहिलेल्याला न्यायला घरचं मानूस येत असतं. तुझा बापू येनार व्हता, तो गेला. मंग मी आले. रोज वाट बघून राहिले, आज बांधंल सामान, उद्या बांधंल." मग म्हणाली, "तू खाट आनलीस तवा मला भ्या वाटलं."

इतके महिने एका छपराखाली आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत होतो. ती कधी रमते याची मी, आणि मी कधी निघते याची ती. वॉर्डात दहा जणांना एका आवाजात गप्प करणारी बाई मी. मी तिच्यासमोर बसले आणि गाठोड्यातल्या कपड्यांची घडी मोडून पुन्हा घातली. नोकरी, मुलीचं कॉलेज, श्रीनिवास, सगळी उत्तरं खरी होती आणि एकही तिला देण्यासारखं नव्हतं. तिनंही मागितलं नाही. "तकलीफ करून घेऊ नको," एवढंच म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात भाऊ येऊन तिला हिंगोलीच्या गाडीनं घेऊन गेला.

श्रीनिवासनं विचारलं, नकाशा काढून ठेवू का? मी नको म्हटलं. त्या नकाशात आमच्या लोकांबद्दल जेवढं आहे तेवढं खरं आहे. ते या शहराच्या कडेला उतरले आणि निघून गेले. राहिले ती मीच.

तांड्यात आता निम्म्या घरांना कुलपं आहेत. तिथं अजून जे आहेत ते मला फोनवर सांगतात की अनिता कुठं असते असं कुणी विचारलं तर याडी म्हणते, "मागं राहिली हाय." गेली असं म्हणत नाही. मला आधी याचं हसू यायचं. आता वाटतं, घर म्हणजे बहुधा एवढंच: अजूनही आपल्याला गेलेलं न समजणारं एखादं माणूस. आणि ते माणूस असेपर्यंत आपण तिथं पोचणार नाही, हेही मला कळतं. दुसऱ्या कशानं माझ्या मनाला इतकी टोचणी लागत नाही.

रविवारी मी फोन करते. कधी येतेस, असं तिनं आजवर विचारलेलं नाही. ती विचारते, "बरं वाटलं का गं आता?"

पहिल्यांदा मी म्हणाले होते, याडी, मला काही झालेलं नाही. आता तसं म्हणत नाही.

"न्हाई याडी, आजून न्हाई."

"ऱ्हाऊ दे," त्या रिकाम्या घरातून ती एकटी मला सांगते, "घाई नको करू. आमी हाव हितं."