एकदा कट म्हणजे हो

माझ्या सासरच्यांना बायकांचा आवाज नको होता, असं मी म्हटलं की आमचे हे अजूनही म्हणतात, तसं काही नव्हतं, तू उगाच ताणतेस. ताणते तर ताणते. त्या दिवशी होडीत हे नव्हते. मी होते, आणि माझ्या मांडीवर आमची मुलगी होती, नुकतीच बसायला लागलेली.

माझं सासर भरे गावातलं, पण मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलेलं. पाणी चढायच्या आधी जुन्या लोकांनी देवी तेवढी उचलून पलीकडच्या टेकडीवर नेऊन बसवली. त्यामुळे दर चैत्रात सगळं घर पाण्यावरून नैवेद्याला जायचं. आधी भाड्याच्या लाँचमधून पुरुष. मागून वल्ह्याच्या होडीतून बायका, पोरं, पातेली, पुरणाचे डबे आणि सरपण. लाँचमध्ये जागा कमी असते, असं कारण सांगत. त्या कमी जागेत पुरुष पत्ते खेळायला ऐसपैस मांडी घालून बसत, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी काठावरून पाहिलं होतं.

मी सांगतेय त्या वर्षी, म्हणजे ऐंशी साल उलटल्यावर, थोरले दीर आखातातून सुट्टीवर आले ते दोन वॉकीटॉकी घेऊन. घरात त्याला सगळे वायरलेस म्हणत. काळा डबा, वर ओढून लांब करायची काडी आणि कुशीला एक बटण. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. पहिला प्रयोग गोठ्यातून झाला. दीर गोठ्यात उभे राहून बोलले आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवलेल्या डब्यातून हुकूम आला, "चहा ठेवा." विज्ञान आमच्या घरात आलं ते असं.

नैवेद्याच्या दिवशी एक डबा लाँचवर आणि एक होडीत ठेवायचं ठरलं. दोन्हीकडची खबर कळेल म्हणून मला खरंच आनंद झाला होता. मी शाळा शिकलेली, म्हणून होडीतला डबा माझ्या हातात आला. लगेच सासऱ्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, "बटण दाबून बोलायचं न्हाई. घरातल्या बायांचा आवाज असा हवंत सोडायचा नसतो. लाँचवर परकी माणसं आसत्यात."

त्यात आणखी एक गोष्ट होती. लाँचवरचा डबा थोरल्या दिरांच्या हातात असणार होता, आणि आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. तेही तिच्याशी बोलत नाहीत. काही सांगायचंच झालं तर मधे कुणीतरी लागतं. मी त्या घरात येऊन चार वर्षं झाली होती. दिरांनी माझा आवाज ऐकला असेल तो भिंतीपलीकडूनच.

मग बायकांनी उत्तर द्यायचं कसं? त्यावर दिरांनीच शक्कल काढली आणि तिचं त्यांना भारी कौतुक होतं. नुसतं बटण दाबलं की पलीकडे 'कट' असा आवाज येतो. एकदा कट म्हणजे हो, दोनदा कट म्हणजे नाही. एवढ्यात सगळं भागतंय, म्हणाले. मला उद्देशून नव्हे, अर्थात. ह्यांना उद्देशून.

निघाल्यापासून डबा बोलायला लागला. चटणीत मीठ घातलंय का? कट. नारळ घेतलेत का? कट. चहाची पूड राहिली तर नाही? कट, कट. चटणीत मीठ बेताचं आहे ना? मांडीवरची मुलगी त्या आवाजाला दचकून रडत होती आणि मी तिला थोपटत एका हाताने कट वाजवत होते. लाँच पलीकडे लागली, माणसं उतरून झाडाखाली बसली, तरी विचारणा सुरूच होती.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि जुन्या गावाच्या भिंती वर येतात. काही दिसतात. काही पाण्याखाली वीतभर दबा धरून असतात. त्या कुठे आहेत हे सासऱ्यांना पाठ होतं आणि ते दरवर्षी मोठ्या अभिमानाने सांगत, इथं अमक्याचं घर, तिथं चावडी. त्या दिवशी शेजारी वायरलेस असून त्यांनी तेवढं सांगितलं नाही. मिठाचं मात्र दोनदा विचारून झालं होतं.

होडी अशाच एका भिंतीवर घासली. खालून कर्रकन आवाज झाला आणि फळीत भेग पडून पाणी आत यायला लागलं. नावाड्याने वल्हं टाकलं, डोक्याचा फेटा सोडला आणि भेगेत कोंबायला बसला. थोरल्या जाऊबाईंनी पातेल्यातले तांदूळ पाण्यात ओतून दिले आणि त्याच पातेल्याने पाणी उपसायला लागल्या. पोरं किंचाळत होती. आमच्यापैकी एकीलाही पोहता येत नव्हतं.

मी बटण दाबत सुटले. कट कट कट कट. पलीकडून दिरांचा वैतागलेला आवाज आला, "एकदा का दोनदा? नीट वाजवायला सांगा रे कुणीतरी."

मग मी बोलले. पदर, रीत, परकी माणसं, सगळं गेलं खड्ड्यात. "होडी फुटलीय. पाणी येतंय. लाँच पाठवा." बटण सोडलं. नुसती खरखर. पुन्हा बोलले, पोर बुडंल माझी, लाँच पाठवा. पुन्हा खरखर.

काठ लांब नव्हता, माणसं दिसत होती. पांढऱ्या सदऱ्यातले दीर उठलेले मी पाहिले आणि जिवात जीव आला. पण ते लाँचकडे गेले नाहीत. डबा खडकावर ठेवून ते पाठमोरे टेकडी चढायला लागले. हा माणूस चाललाय कुठे, ते मला कळेचना. ते नंतर कळलं. आमचे हे वर देवळापाशी झाडलोट करत होते, त्यांना बोलवायला दीर गेले होते. तुझी बायको बोलतीय, तू ऐक, असं सांगायला! स्वतःची बायको त्याच होडीत कमरेत वाकून पाणी उपसतेय, आणि हे टेकडी चढतायत, कारण भावाच्या बायकोला उत्तर कसं द्यायचं?

सासूबाईंनी माझ्या हातातून डबा घेतला. जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायची वेळ आली तरी लाजून उठून जायच्या. त्यांनी बटण दाबलं आणि सासऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारली. पुढे राव नाही, मागे अहो नाही. ते नाव मीही इथे लिहीत नाही, सवय आहे. "कुटं मेलायस? हितं पोरंबाळं बुडत्यात. ऊठ आन् लाँच घाल पाण्यात!"

सुनेचं बोलणं आपल्यासाठी नाही, म्हणून सासरे खडकाशेजारी बिडी ओढत बसले होते. ते असे उठले की बिडी तशीच पडली. लाँचचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला तेव्हा पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं होतं आणि मुलीला मी खांद्यावर धरलं होतं.

आम्ही सगळ्या वाचलो. ओल्या लुगड्यांनी काठावर उतरलो, आणि सासऱ्यांचं पहिलं वाक्य होतं, "लाँचवाल्यांसमोर माझं नाव घेतलंस?" मुलगी कशी आहे, कुणाला लागलं का, काही नाही. आमचे हे धापा टाकत खाली आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "तू दादाशी बोललीसच कशी?" मला त्या क्षणी ह्यांना पाण्यात ढकलावंसं वाटलं. आजही ते आठवलं की वाटतं.

सासूबाई निऱ्या पिळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमी भिजलो त्याचं काय न्हाई. ह्यांचं नाव भिजलं."

नैवेद्य झाला. तांदूळ नव्हते म्हणून पुरुषांची तोंडं वाकडी झाली, तीही पाहिली. परतीला होडी नव्हती, लाँचच्या दोन खेपा करायच्या होत्या. सासूबाई कुणाला न विचारता पोरं आणि सुना घेऊन आधी लाँचमध्ये जाऊन बसल्या. डबा त्यांच्या मांडीवर होता. मी शेजारी बसलेली, म्हणून दिरांनी काठावरून ह्यांच्याकरवी निरोप पाठवला, आईला म्हणावं सेट दे. त्यांनी दिला नाही.

लाँच बरीच पुढे आल्यावर त्यांनी बटण दाबलं. पुन्हा तेच नाव, पण आता सावकाश, पोराला समजावल्यासारखं. "लाँच माघारी धाडते. तवर तितंच बसा. आन् फुडल्या साली आमी आधी जाणार, तुमी मागनं. आयकू आलं का?"

काठावर दुसरा डबा सासऱ्यांच्या हातात होता, ते लांबूनही दिसत होतं. मग आमच्या डब्यातून आवाज आला. कट. एकदाच.

थोरल्या जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईही हसल्या. मला हसू आलं नाही. मुलगी ओल्या झबल्यात माझ्या छातीशी कुडकुडत होती. चटणीतलं मीठ विचारायला ह्या माणसांना तोंड होतं. हो म्हणायला तेवढं नव्हतं.